उभ्याने प्यायलेला चहा

आमची बारकी आता चव्वेचाळीस वर्षांची घोडी झाली, तरी घरात ती बारकीच. मी थोरली. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि माझा स्वभाव तिखट आहे असं लोक म्हणतात. खरंच आहे ते. पण दिवसभर ज्याच्याशी माणसं गोड गोड खोटं बोलतात त्याचा स्वभाव आणखी कसा होणार? भिंग बदलून विचारावं, "आता कसं दिसतंय?" की "छान, छान!" मला वाईट वाटू नये म्हणून. मग चार दिवसांनी डोकं दुखतंय म्हणून तोंड वाकडं करून परत येतात.

बारकी बरोबर माझ्या उलट. तिला कुणी थाप मारली तरी तिला त्यात माया दिसते. इतकी वर्षं ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. खुबा मोडलेली, अर्धं अंग लुळं पडलेली माणसं तिच्याकडे यायची आणि ती त्यांना पुन्हा चालायला शिकवायची. एक पाऊल टाकलं की शाब्बास, दुसरं टाकलं की डबल शाब्बास. घरी जाताना माणसं तिचे हात धरून रडायची. आणि नेमका तिथेच तिच्या डोक्यात किडा शिरला.

"ताई, मी त्यांना चालायला शिकवते," ती एकदा म्हणाली, "पण घरी जाऊन ती चालतात कुठे, करतात काय, हे मला कुठे ठाऊक असतं?"

"फोन करून विचार की."

"फोनवर सगळे बरेच असतात गं."

पुढे काही महिन्यांनी तिने जाहीर केलं की ती रजा टाकून कॉलेजात जाणार. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, विषय मानवकेंद्री डिझाइन. म्हणजे वस्तू आधी करून मग ती माणसाच्या गळ्यात मारायची नाही. आधी माणूस बघायचा, त्याचं रोजचं जगणं बघायचं, मग वस्तू करायची. मी म्हटलं, "म्हणजे? आजवर काय म्हशींसाठी खुर्च्या करत होते का?"

"आई हॉस्पिटलात होती तेव्हाची खुर्ची आठव," बारकी म्हणाली, "आणि तूच सांग."

त्यावर मी हार मानली. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत.

त्याच वर्षी तिची मुलगीही कॉलेजात गेली. सकाळी मायलेकींची एकाच टेबलावरून जुंपायची, एकाच चार्जरवरून रुसवेफुगवे व्हायचे, आणि बारकीचा नवरा, जो फ्रिज दुरुस्त करतो आणि एरवी घरात चकार शब्द काढत नाही, तो दोघींचे डबे भरून दारात उभा राहायचा. "आमच्याकडे दोन विद्यार्थिनी आणि एक खानसामा," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सांगताना छाती मात्र फुगलेली असायची.

मी एकदा तिचा विसरलेला चष्मा द्यायला तिच्या वर्गात गेले. वरच्या मजल्यावरचा लांबलचक हॉल. भिंतींवर पिवळ्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, जमिनीवर पुठ्ठ्याचे तुकडे, एका कोपऱ्यात करवत आणि भुसा, आणि सगळीकडे फेव्हिकॉलचा वास. तिच्या लेकीच्या वयाची मुलं, आणि त्यांच्यात ही बया मांडी ठोकून पुठ्ठा कापत बसलेली. मी दारातूनच हाक मारली, "बारके!" सगळा हॉल वळला. तोवर मुलं तिला आदराने मॅडम म्हणत होती. त्या दिवसापासून वर्गातही ती बारकी झाली. त्यावरून ती माझ्यावर रागावली असेल म्हणता? छे. इतकी खूश मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती, आणि हे मी तिच्या नवऱ्याच्या तोंडावर सांगते.

तिच्या मार्गदर्शकांना मुलांनी नाव ठेवलं होतं 'कशावरून सर'. सडपातळ, शांत माणूस. कुणी म्हणालं, "लोकांना ही वस्तू हवीय," की ते विचारणार, "कशावरून?" "लोकांनी सांगितलं, सर." "आणि ते मनापासून सांगितलं, हे कशावरून?" असा माणूस घरात कसा नांदत असेल देव जाणे. पण बारकीला तो फार आवडायचा.

शेवटच्या सत्रात एक मोठा प्रकल्प होता. बारकीने विषय निवडला काठीचा आणि चहाचा. तुम्ही कधी विचार केलाय का, काठी घेऊन चालणाऱ्या माणसाने भरलेला कप स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत न्यायचा कसा? एक हात काठीत. दुसऱ्या हातात कप. पाऊल टाकलं की अंग हेलकावतं, चहा बशीत, बशीतून बोटांवर, बोटांवरून फरशीवर. बारकी आपल्या जुन्या पेशंटांच्या घरी जाऊन हे बघून आली. आमच्या आईकडेही तेच. खुबा मोडल्यापासून आई काठीने चालते आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. माझ्याकडे ये म्हटलं की म्हणते, "माझी भांडी माझ्या जागेवर सापडतात तोवर मी इथेच."

मग बारकीने एक वस्तू केली. वरून धरायची कडी, कडीखाली लोंबती थाळी, थाळीत कप. हात कितीही हलला तरी थाळी आपली सपाट राहते आणि थेंब सांडत नाही. आधी पुठ्ठ्याची, मग पत्र्याची, शेवटी लाकूड आणि ॲल्युमिनियमची. तिचं नाव ठेवलं झोका. दिसायला इतकी देखणी की मीसुद्धा खोट काढायला जागा शोधत राहिले.

आईला आणि आणखी चार-पाच घरी तिने एकेक झोका दिला. दर बुधवारी ती कॅमेरा घेऊन या घरांतून फिरायची. आई ठेवणीतले कपडे घालून तयार. चहा करायची, झोक्यात ठेवायची, डुलत डुलत बाहेर आणायची आणि म्हणायची, "छान झालंय हो!" बसचे एक निवृत्त कंडक्टर होते, तेही म्हणाले छान. शाळेतल्या एक निवृत्त बाई होत्या, त्या तर म्हणाल्या, "याला बक्षीस मिळायला हवं." सगळं कसं मनासारखं चाललं होतं. आणि चालायला हवंच होतं. या सत्रात प्रकल्प पास झाला नाही तर आणखी एक सत्र काढावं लागणार होतं आणि हॉस्पिटल आता एक दिवसही रजा वाढवणार नव्हतं. म्हणजे नापास झाली तर एक तर नोकरी, नाहीतर पदवी. दोन्ही काही हाती लागणार नव्हतं.

परीक्षा महिन्यावर आली असताना एका दुपारी बारकी माझ्या दुकानात आली. समोर गिऱ्हाईक होतं, तरी तिचा चेहरा बघून मी त्याला उद्या यायला सांगितलं.

झालं होतं असं. आईच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. बारकी कॉलेजला जाता जाता वॉशर बदलायला म्हणून तिकडे वळली. तिच्याकडे किल्ली असते, ती सरळ आत गेली. बघते तर आई ओट्यापाशी उभी. काठी खणाच्या मुठीला अडकवलेली, एक कोपर ओट्यावर टेकवलेलं, रेडिओ लावलेला, आणि आई घाईघाईने घोट घेत चहा पितेय. बारकीला बघून ती एवढी दचकली की ठसकाच लागला.

"अगं, तू आज कशी? आज तुझा वार नाही!"

"नळ बघायला आले. आई, उभ्याने काय पितेस? बाहेर नेऊन बस ना. झोका कुठाय?"

झोका बाहेर शोकेसमध्ये होता. काचेच्या दाराआड, घासूनपुसून, आमच्या शाळेतल्या बक्षिसाच्या कपांच्या शेजारी.

"वापरून खराब झाला असता गं," आई म्हणाली. "आणि एकटीसाठी कोण एवढा चहा बाहेर नेतंय? पाहुणा आला की नेते."

"पाहुणा कोण येतं तुझ्याकडे?"

"तू येतेस की. दर बुधवारी."

हे सांगून बारकी माझ्यासमोरच्या खुर्चीत मटकन बसली. "ताई, कळलं का तुला? मी जे बघत होते ना, ते मी आल्यामुळे घडत होतं. कॅमेऱ्यातसुद्धा तेच. मी नसते तेव्हा कुणी चहा नेतच नाही बाहेर. घोडं कुठे पेंड खातंय ते मला दिसलंच नाही, कारण ते घोडं मीच होते."

मी काय करावं? मी चिडले. मला तिच्यापेक्षा तिच्या नोकरीची काळजी. म्हटलं, "गप्प बस आणि झोका दाखव. वस्तू चांगली आहे, सगळ्यांनी छान म्हटलंय, विषय संपला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस."

"पण ती कुणी वापरत नाही, ताई."

"ते परीक्षकांना कोण सांगायला जाणार आहे?"

बारकीने माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मे पुसायला लागले.

त्या आठवड्यात ती सगळ्या घरी परत गेली, पण या वेळी कॅमेरा नाही आणि झोक्याचं नावही नाही. एकच विचारलं, "मी येत नाही त्या दिवशी चहा कुठे पिता?" सगळ्यांचं उत्तर एक. स्वयंपाकघरात, उभ्याने. निवृत्त बाई वॉशिंग मशीनला टेकून पितात. कंडक्टर म्हणाले, "आयुष्य उभ्याने गेलं आमचं, चहाचं काय घेऊन बसलात!" मग हळूच म्हणाले, "पाय मात्र भरून येतात हो आता." तिने झोके परत मागितले, तर सगळ्यांनी लगेच, अगदी आनंदाने परत दिले. आईने तर धुऊन कागदात गुंडाळून ठेवला होता. बारकीला तेही लागलं. ज्या वस्तूशिवाय चालत नाही ती कुणी अशी हसत परत देतं का? आईला मात्र तिने तो शोकेससाठी परत देऊन टाकला.

कशावरून सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "वेळ फार कमी आहे. झोका दाखवलात तर पास व्हाल, एवढं मी सांगतो."

बारकीच्या तोंडून निघून गेलं, "कशावरून, सर?"

सगळा हॉल फिदीफिदी हसला. सरही हसले, आणि सुट्टीच्या दिवसांसाठी वर्कशॉपची किल्ली त्यांनी तिच्या हातात ठेवली.

आता नेणं-आणणं सगळं बाद. प्रश्न एवढाच उरला, की माणूस जिथे चहा पितो तिथे त्याला बसता कसं येईल. आणि इथे बारकीची हॉस्पिटलातली वर्षं कामाला आली. मोडक्या खुब्याच्या माणसाला खाली बसणं सोपं, उठणं महाकठीण. म्हणून बैठक उंच हवी, जरा पुढे कललेली, म्हणजे माणूस अर्धा बसलेला, अर्धा उभा. पाय जमिनीवर, एक पाय टेकवायला आडवी दांडी, काठी अडकवायला बाजूला खाच, पाठ टेकायला मागे फळी. रुंदी अशी की चिंचोळ्या स्वयंपाकघरात कुणाच्या वाटेत येणार नाही. तिच्या नवऱ्याने आपल्या दुकानात लोखंडी पाय जोडून दिले. प्लायवूड तसंच, बिनरंगाचं. दिसायला म्हणाल तर निव्वळ ध्यान. झोक्याच्या शेजारी ठेवलं असतं तर झोका लाजून मेला असता.

या वेळी तिने काहीच समजावून सांगितलं नाही. एकेक बैठक एकेका स्वयंपाकघरात ठेवली, "असू द्या इथे, मी नंतर घेऊन जाईन" म्हणाली, आणि निघून आली. भेट नाही, फोन नाही, बुधवार नाही. ते दिवस तिला कसे गेले ते मी पाहिलंय. माझ्या दुकानात येऊन बसायची आणि दहा वेळा विचारायची, "जाऊन बघू का गं?" आणि मी दहा वेळा म्हणायचे, "बस खाली."

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती बैठका गोळा करायला निघाली. परीक्षकांसमोर वस्तू ठेवायची म्हणजे आणायला तर हवीच. आधी कंडक्टरांकडे गेली. ते दारात आडवे. "तुम्ही दुसरी करा ना! तुम्हाला काय, हातचा मळ." निवृत्त बाई म्हणाल्या, "आज नको, आज माझे गुडघे फार दुखतायत." शेवटी आईकडे.

"आई, दे. आज परीक्षा आहे माझी."

"मग परीक्षेला तू बसणार आहेस की ती बैठक?" आई म्हणाली. "संध्याकाळी ने."

ओढून आणता आली असती. बारकी हात हलवत परत आली. मला म्हणाली, "ताई, तू चल. मला एकटीला धीर होत नाही." मी दुकान बंद केलं.

परीक्षा त्या हॉलमध्येच. घरच्यांना मागे बसायला परवानगी होती. तीन परीक्षक, त्यात कशावरून सर आणि बाहेरून आलेल्या एक उंच बाई, ज्यांचं मुलांनी आधीच भय घातलं होतं. बारकीने सगळं सांगितलं. झोका कसा केला, सगळ्यांनी कसं तोंडदेखलं कौतुक केलं, तिची चूक काय झाली, काहीच लपवलं नाही. फोटो दाखवले. मी मुठी आवळून बसले होते.

"बैठक कुठे आहे?" उंच बाईंनी विचारलं.

"लोकांनी परत दिली नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. उंच बाई हसल्या नाहीत. आणि आपल्याच विद्यार्थिनीच्या परीक्षेत, सवयीने, सर म्हणाले, "त्यांना ती खरंच हवीय, हे कशावरून?"

"चला," बारकी म्हणाली. "आईचं घर जवळच आहे."

माझ्या गाडीत सगळ्यांना कोंबलं. बारकी माझ्या शेजारी, पुटपुटत होती, "ताई, मी मेले. पाहुणे बघून आई सगळ्यांना बाहेर बसवणार, आणि चहा घेऊन धडपडत येणार. बैठकीकडे ढुंकूनही बघणार नाही. मी परत तीच चूक केली." तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी नुसती गाडी चालवली.

आईने दार उघडलं. एवढी माणसं बघून गडबडली, केस सारखे केले. "या, या, बसा!" सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि काठी टेकत आत गेली. झालं. आतून भांड्यांचा आवाज. उंच बाई शोकेसकडे बघत होत्या. "ते काय आहे?"

"माझा झोका," बारकी जमिनीकडे बघत म्हणाली.

चहाचा वास आला. कपांचा आवाज आला. बारकीने डोळे मिटून घेतले. आणि आतून आईचा आवाज आला, "बारके, चहा झालाय! सगळ्यांना आत घेऊन ये. मी काही आता बाहेर आणत बसत नाही."

आम्ही सगळे त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात घुसलो. आई बैठकीवर होती. काठी खाचेत, एक पाय दांडीवर, आणि बसल्या जागेवरून ती कपांत चहा ओतत होती. उंच बाई फ्रिजला टेकून उभ्या राहिल्या. सर कचऱ्याच्या डब्यापाशी. एक परीक्षक तर निम्मे दाराबाहेर.

"आजी," सरांनी विचारलं, "मुलीला बरं वाटावं म्हणून तर नाही ना बसलात? खरंच आवडलीय का ही?"

"आवडली असं कोण म्हणालं?" आई फाटकन म्हणाली. "ही मागची फळी पाठीला टोचते. दोन बोटं खाली हवी. हिला काही सांगायची सोय आहे का? ठेवून गेली ती गेली, पंधरा दिवसांत फिरकलीसुद्धा नाही."

उंच बाई आता मात्र खळखळून हसल्या. आणि बारकीकडे मी बघितलं. एवढी वर्षं कौतुक ऐकलेली माझी बहीण, पण असं तोंड उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिने पर्समधून पेन्सिल काढली, आईच्या पाठीमागे गुडघ्यावर बसली आणि फळीवर खूण करायला लागली. "आई, जरा ऊठ ना."

"चहा संपू दे," आई म्हणाली.

बारकी पास झाली, ते मला नंतर कळलं. त्या क्षणी माझं तिकडे लक्षच नव्हतं. मला रडू येत होतं, आणि ते लपवायला मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. जन्मापासून मी या बाईला स्वयंपाकघरात पाहिलंय. आम्ही बसलेलो आणि ती उभी. आम्ही जेवायचो ती उभी, पाहुणे जेवायचे ती उभी, खुबा मोडला तरी उभीच. आज शिकलेसवरलेले परीक्षक तिच्या स्वयंपाकघरात कप धरून उभे होते, आणि ती बसली होती, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी रिकामे कप गोळा करायला लागले. तिचाही घ्यायला हात पुढे केला, तर तिने कप बाजूला ओढला.

"थांब गं," ती म्हणाली, "माझा अजून व्हायचाय."